भागाभागाने येणाऱ्या गेमचा सीझन पास आधीच घ्यावा, की एकेक भाग सुटा घ्यावा?

पास आधी घेऊ नका, म्हणजे सगळ्या भागांचे पैसे एकदम भरून टाकू नका. दोन भाग आले असतील तर दोन भागांचे पैसे द्या, पाचही आले असतील तर पाचांचे द्या. जे अजून तयारच झालेलं नाही त्याचे पैसे आज देऊ नका, मग सूट वीस टक्के असो नाहीतर चाळीस.

तुम्ही लिहिलंय की पहिला भाग ३४९ रुपयांना आहे, पाच भागांचा पास १,३९९ ला आहे, आणि पुढच्या चार भागांपुढे नुसतं 'लवकरच' लिहिलंय. पाच सुटे भाग घेतले तर १,७४५ होतात, म्हणजे पासमध्ये ३४६ रुपये वाचतात, मग पासच का घेऊ नये, असा तुमचा प्रश्न. बेरीज बरोबर आहे. पण त्या बेरजेत पाचही भाग येणार हे तुम्ही धरून चाललाय, आणि तेच धरायचं नसतं.

हे वीस टक्क्यांचं गणित जुनं आहे. २०१५ च्या जानेवारीत 'लाइफ इज स्ट्रेंज'चा पहिला भाग आला तेव्हा सुटा भाग ४.९९ डॉलरला होता आणि पाचही मिळून १९.९९ ला. म्हणजे चार भागांच्या पैशात पाच. त्याआधी २०१२ मध्ये 'द वॉकिंग डेड' कन्सोलवर पाच-पाच डॉलरला सुटा मिळायचा, पण स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, सुटा नव्हताच, तिथे पहिल्याच दिवशी पाचही भागांचे २४.९९ डॉलर मोजायचे. दोन्ही गेम सुरू झाले त्याच वर्षात पूर्ण झाले आणि दोन्ही मला मनापासून आवडतात. आमच्या खोलीवरचा वाद सुरू झाला तो मात्र यांच्यामुळेच.

त्या वेळी मी आणि माझा मावसभाऊ सांगलीत विश्रामबागला एका खोलीवर राहायचो, कॉलेज तिथंच. स्टीमवर तेव्हा रुपये चालायचे नाहीत, रुपयांत किमती नोव्हेंबर २०१५ मध्ये आल्या. तोवर सगळं डॉलरमध्ये, आणि डॉलरमध्ये पैसे भरायला परदेशी व्यवहार चालणारं कार्ड लागायचं. आमच्या सगळ्या गोतावळ्यात असं कार्ड एकट्या काकांकडे होतं, म्हणजे मावसभावाच्या वडिलांकडे. त्यांचं तासगावला द्राक्षबागेच्या औषधांचं दुकान. गेम घ्यायचा म्हणजे रविवारी तासगावला जायचं, दुकानात गिऱ्हाईक नसेल अशी वेळ बघायची, काकांच्या हातात रोख रक्कम द्यायची, मग ते चष्मा लावून कार्डावरचे आकडे स्वतः वाचून दाखवणार. आणि दर वेळी विचारणार, "गेल्या महिन्यात घेतलेलं संपलं काय?"

त्यामुळे मावसभावाचं म्हणणं एकच. "दर महिन्याला बाबांच्या म्होरं उभं ऱ्हायला मी जाणार न्हाय. एकदाच काय ते पैसे भरायचे आन् मोकळं व्हायचं. वर वीस टक्के वाचत्यात." मी म्हणायचो की काकांपुढे मी जातो, तू येऊ नकोस, पण एकेक भागच घेऊ. त्याला ते कधी पटलं नाही. 'लाइफ इज स्ट्रेंज' त्याने पूर्ण घेतला, तो पूर्ण आलाही, आणि त्यानंतर त्याच्याशी बोलायची सोयच राहिली नाही.

कंपन्या अशी किंमत का ठेवतात, हेही तुम्ही विचारलंय. सगळ्यात जास्त खर्च पहिल्या भागावर होतो. पात्रं, त्यांच्या हालचाली, आवाज, सगळी यंत्रणा पहिल्या भागालाच उभी करावी लागते. किंमत मात्र पहिल्याच भागाची कमी ठेवावी लागते, कारण गिऱ्हाईक आत यायला हवं. आणि पहिला भाग घेणारे सगळे दुसऱ्याला येत नाहीत, तिसऱ्याला आणखी कमी. पाचव्या भागावर काम करणाऱ्यांचा पगार तर पहिल्याइतकाच असतो. म्हणून पहिल्या भागाच्या उत्साहातच पाचही भागांचे पैसे गोळा केले की पुढचं वर्ष निघतं. हे मला कळतं, यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. पण याचा अर्थ असा, की पुढचे भाग बनवायचं भांडवल तुम्ही घालताय. भांडवल घालणाऱ्याला नफ्यात वाटा असतो. तुम्हाला साडेतीनशे रुपयांची सूट आहे, आणि काम बंद पडलं तर नुकसान मात्र तुमचं.

सुटे भाग विकणाऱ्यांचंही बंद पडतं, पण तिथे तुमचे पैसे बुडत नाहीत. 'हाफ-लाइफ २'चा एपिसोड वन २००६ च्या जूनमध्ये १९.९९ डॉलरला आला. एपिसोड टू ऑक्टोबर २००७ मध्ये आला. एपिसोड थ्री येणार असं तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने सांगितलं होतं, तो आजवर आलेला नाही. लोकांनी किती शिव्या घातल्या असतील! पण थ्रीचे पैसे कोणी आधी दिलेले नव्हते, त्यामुळे कोणाचा एक सेंटही अडकला नाही. २००६ मध्येच 'सिन एपिसोड्स' आला, नऊ भाग काढायचा बेत होता, एकच निघाला. ज्यांनी घेतला त्यांनी एका भागाचे पैसे दिले आणि एक भाग खेळला. गोष्ट अर्धी राहिली याचं वाईट वाटणं वेगळं आणि पैसे अडकणं वेगळं.

आता दुसरी बाजू बघा. २०१८ मध्ये 'द वॉकिंग डेड'चा शेवटचा सीझन निघाला. चार भाग, १९.९९ डॉलर, सगळे पैसे आधी. पहिला भाग ऑगस्टमध्ये आला. सप्टेंबरच्या २१ तारखेला तो बनवणाऱ्या टेलटेल कंपनीने आपली बहुतेक सगळी माणसं एका दिवसात काढली. दुसरा भाग तयार होता म्हणून तो त्यानंतर चार दिवसांत आला, आणि मग सगळं थांबलं. शेवटी ज्यांची मूळ कॉमिक्स त्यांच्याच स्कायबाउंड कंपनीने काम हातात घेतलं, जुन्याच माणसांतल्या काहींना परत बोलावलं, आणि मार्च २०१९ मध्ये चौथा भाग निघाला. गोष्ट पूर्ण झाली ती दुसरं कोणीतरी पुढे आलं म्हणून. गिऱ्हाइकाच्या हातात त्या काळात काहीच नव्हतं. आणि ही काही काल उगवलेली कंपनी नव्हती, २००४ मध्ये सुरू झालेली, वर्षानुवर्षं भागांचे गेम काढत होती, या धंद्यातली सगळ्यात अनुभवी म्हटली तरी चालेल.

आमच्या खोलीवर जे घडलं ते मोठ्या नावाच्या गेमचं नव्हतं. एक चार भागांचा गेम होता, परदेशातल्या कुठल्याशा लहान मंडळींनी काढलेला. नाव सांगत नाही, त्यांची काय अडचण झाली असेल ती त्यांना माहीत. सुटा भाग पाच डॉलरला, पास सोळाला. म्हणजे वीसचा माल सोळाला, परत तेच वीस टक्के. आम्ही एकत्र बसून, माउस एकाच्या हातात आणि बाकीचे मागे, कुठलं उत्तर द्यायचं यावर भांडत असे गेम खेळायचो. त्यामुळे शेजारच्या खोल्यांतली पोरंही वर्गणीत यायची. वर्गणी गोळा करायचं काम माझ्याकडे, कारण वहीत लिहून ठेवायची सवय मला होती.

त्या वेळी मी स्पष्ट सांगितलं होतं की हे लोक नवीन आहेत, यांनी आधी एकही गेम पूर्ण केलेला नाही, एकेकच घेऊ. ते मेसेज अजून ग्रुपवर आहेत. मावसभाऊ म्हणाला, "तू लई भितोस." पोरांना सूट दिसत होती. पास घेतला. सोळा डॉलरचे तेव्हा हजार-चाळीस रुपये झाले, बँकेने परकीय चलनाचं काय लावलं ते वेगळं, ते काकांनी सोसलं.

पहिला भाग छान होता. खरंच छान होता, आजही त्यातला नदीकाठचा प्रसंग मला आठवतो. दुसरा भाग बराच उशिरा आला, तोही बरा होता. रात्रीच्या मोफत वेळेत डाउनलोडला लावून आम्ही पहाटे उठून बसायचो. त्यानंतर काही नाही. पानावर 'लवकरच' लिहिलेलं तसंच. परतावा मागायचा तर स्टीमचा नियम घेतल्यापासून चौदा दिवस आणि खेळणं दोन तासांच्या आत. आमचे दोन्ही कधीच उलटून गेलेले. आणि हा नियम भागांच्या गेमला लावून बघा जरा: पहिला भाग खेळायलाच दोन तासांपेक्षा जास्त लागतात आणि दुसरा भाग चौदा दिवसांत येतच नाही. पुढचे भाग येत नाहीत हे कळेपर्यंत परताव्याचं दार बंद झालेलं असतं.

पोरं मला विचारायला लागली, कारण पैसे माझ्याकडे दिलेले. त्यातले दोघे पहिल्या वर्षाचे होते, घरून मोजके पैसे यायचे. त्या दोघांचे राहिलेल्या भागांचे पैसे मी माझ्या खिशातून परत दिले आणि वहीत तसं लिहून ठेवलं. ते मी देणं लागत नव्हतो, पण पैसे मी मोजून घेतले होते. मावसभावाला म्हटलं, निम्मे तू दे. तो म्हणाला, "मी काय खाल्ले काय ते? आन् सूट तर मिळालीच की." हे वाक्य तो आजही म्हणतो. घरात लग्न असो, बारसं असो, गेमचा विषय निघाला की त्याचं ठरलेलं आहे: आपण वीस टक्के वाचवले होते.

तर ते एकदा लिहूनच टाकतो. सुटे घेतले असते तर दोन भागांचे दहा डॉलर गेले असते, म्हणजे साडेसहाशे रुपये. आपण दिले हजार-चाळीस. तीनशे नव्वद रुपये जास्त दिले आणि मिळाले तेच दोन भाग. वीस टक्के वाचले ते चार भागांच्या किमतीवर, आणि चार भाग कधी अस्तित्वातच आले नाहीत. न आलेल्या मालावर सूट मिळत नसते.

हा वाद माझ्या डोक्यात इतका का बसला, तर घरातल्या दुसऱ्या एका हिशोबामुळे. आमचा ऊस आहे, वाळवा तालुक्यात. एफआरपी म्हणजे उसाला द्यायलाच हवी अशी सरकारने ठरवलेली किमान किंमत. तिचा कायदा, म्हणजे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश, सांगतो की ऊस कारखान्याला घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला पंधरा टक्के व्याज. प्रत्यक्षात काय होतं ते या भागात कोणाला सांगायला नको. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा देणारा आदेश काढला: पहिला हप्ता ठरावीक उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) धरून आत्ता, उरलेला हंगाम संपल्यावर त्या हंगामाचा खरा उतारा कळला की. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, सगळी एफआरपी एकदम मागणाऱ्या, एकरकमीच्या आंदोलनातले. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला न चुकता जाणारे. आणि मावसभाऊ तोवर एका साखर कारखान्यात हिशोब खात्यात लागलेला.

त्या वर्षी दिवाळीला तो घरी आला आणि आण्णांना समजावायला लागला की हप्त्यात घेतलं म्हणून काय बिघडतं, पैसे कुठं पळून जात नाहीत, कारखान्यालाही साखर विकल्याशिवाय पैसे कुठून येणार. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ऊस तुटून गेल्यावर माझ्याकडं काय ऱ्हातंय? पावती. मग पावती घिऊन मी तुझ्या दारात यायचं का तू पैसं घिऊन माझ्या दारात यायचं?"

मी तिथेच बसलो होतो आणि मला खोलीवरचा तो पास आठवला. शेतकरी माल आधी देतो आणि पैसे हप्त्याने घेतो. पास घेणारा पैसे आधी देतो आणि माल हप्त्याने घेतो. दिसायला उलटं आहे, पण ज्याने आपल्याकडचं सगळं आधी देऊन टाकलं तोच दोन्हीकडे वाट बघत बसतो, आणि ज्याच्याकडे सगळं आधी पोचलं त्याला घाई राहत नाही. शेतकऱ्याच्या बाजूने निदान कायदा तरी आहे. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो दोन हप्त्यांचा आदेश रद्द केला, तेव्हा आण्णांनी गावात पेढे वाटले. मावसभावाने दोन्ही वेळेला देणाऱ्याला थांबायला सांगितलं आणि दोन्ही वेळेला त्याला वाटलं की तो व्यवहाराचं बोलतोय.

'तासाला किती रुपये पडले' हा हिशोब बरेच जण करतात. भाग दोन तासांचा, किंमत साडेतीनशे, म्हणजे महाग, असं. तो मला अजिबात पटत नाही. दोन तासांचा चांगला भाग चाळीस तासांच्या कंटाळवाण्या गेमपेक्षा मोलाचा असतो. भागाची किंमत जास्त वाटली तर घेऊ नका, पण कारण तास हे नको.

आता थोडं दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही चांगल्या माणसांवरही संशय घ्याल. 'केंटकी रूट झिरो'चा पहिला अंक जानेवारी २०१३ मध्ये आला, पाचवा जानेवारी २०२० मध्ये. सात वर्षं लागली, बनवणारे तिघंच मुख्य, पण त्यांनी पूर्ण केला आणि २०१३ मध्ये पैसे दिलेल्यांना शेवटचा अंक मिळाला. असंही होतं. आणि मला सगळ्यात पटलेली पद्धत 'डेल्टारून'ची आहे: पहिला भाग २०१८ मध्ये फुकट, दुसरा २०२१ मध्ये फुकट, आणि जून २०२५ मध्ये चार भाग हातात देऊन मग २४.९९ डॉलर मागितले, पुढचे भाग त्याच पैशांत. तिथेही पुढच्या भागांचे पैसे आधीच जातात हे खरं, पण चार भाग समोर असतात आणि तेवढ्यांची किंमत म्हणूनही ती रक्कम मला रास्त वाटते. पहिला भाग फुकट देऊन बाकीचे विकायची रीत तशी १९९३ च्या 'डूम'च्याही आधीपासूनची आहे.

'फायनल फँटसी सेव्हन'च्या नव्या भागांना हे काहीच लागू नाही. १९९७ ची एकच गोष्ट तीन गेममध्ये विभागली आहे, २०२० चा पहिला ६० डॉलरला, २०२४ चा दुसरा ७० ला. लोक म्हणतात एका गेमचे तीनदा पैसे घेतात. मी म्हणतो, प्रत्येक वेळी पूर्ण गेम हातात देऊन पैसे घेतले, पुढच्याचे आगाऊ मागितले नाहीत. महाग आहे, पण व्यवहार सरळ आहे.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं: परताव्याचा नियम तोच असला तरी पासची परिस्थिती आता आमच्या वेळसारखी राहिलेली नाही. नोव्हेंबर २०२४ पासून स्टीमने सीझन पास विकणाऱ्यांना अटी घातल्या आहेत. पासमध्ये काय काय येणार आणि साधारण कधी येणार हे पानावर लिहावंच लागतं, आणि एखादा भाग रद्द केला तर त्याच्या किमतीइतका परतावा द्यायला तयार राहावं लागतं. म्हणजे तुमच्या गेमच्या पानावर पुढच्या चार भागांची नावं आणि साधारण महिने दिलेले असतील तर धोका आमच्यापेक्षा बराच कमी. नुसतं 'लवकरच' असेल तर माझं उत्तर बदलत नाही.

आणि घाई नसेल तर सगळे भाग येईपर्यंत थांबलात तरी चालतं. पूर्ण झालेला सीझन सेलमध्ये पासच्याही खाली येतो, 'लाइफ इज स्ट्रेंज'चा पहिला भाग तर दीड वर्षात फुकटच केला होता. फक्त मित्रांबरोबर दर भागानंतर वाद घालत खेळायची मजा तेव्हा मिळत नाही. ती हवी असेल तर ३४९ देऊन पहिला भाग आजच घ्या, आणि दुसरा आला की त्याचे द्या. ३४६ रुपये जास्त जातील ते पाचही भाग आले तरच, आणि तेव्हा ते जाण्यात काही वाईट नाही.

गेमचं नाव आणि पानावर दुसऱ्या भागाचा महिना दिला असेल तर तो इथे लिहा, बघून सांगतो.